शेत बटाईने, तर नरवाईची आग कुणाच्या खात्यावर?

रामबागवाला:
देपालपूरच्या बाजूला आमची सात बिघे जमीन आहे. बाबा गेल्यापासून अर्ध्या वाट्याने बटाईला दिलीये. मी इंदूरला, वर्षातून चार चकरा होतात, त्यापण पोहे खाऊन निघालो की जेवायला घरी अशा. यंदा एप्रिलमध्ये गेलो तर बटाईदार काका म्हणाले, "वारा पडलाय, संध्याकाळी नरवाईला काडी लावतो." नरवाई म्हणजे गहू कापल्यावर शेतात उरलेली धसकटं.

तेवढ्यात एक टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली. बांधाच्या कडेला, हार्वेस्टर वळतो तिथल्या उघड्या जमिनीवर चार अंडी. घरटं म्हणजे काय, दोन-चार खडे आणि बकरीच्या लेंड्या. टोकं आत वळवलेली, रंग हुबेहूब ढेकळांचा. माझा पाय पडता पडता राहिला.

मी म्हटलं, काका, आज राहू द्या. ते म्हणाले, "राहू देतो, पण मग धसकटं मातीत मिसळायच्या रोटाव्हेटरचे पैसे तुम्ही द्या." मी गप्प बसलो. आठ दिवसांनी फोन आला, नरवाई जळाली, आग शेजारच्या शेतातून आली. खरंही असेल.

खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत नाव माझं, शेत ते करतात. मग याला जबाबदार कोण?

गंभीरकाठ:
नरवाई जाळल्याच्या दंडाचं आधी सांगतो. दोन एकरांपर्यंत २,५०० रुपये, पाचपर्यंत ५,०००, त्यावर १५,०००, तेही दर वेळी. तुमचे सात बिघे चार एकरांच्या वर जातात, म्हणजे ५,०००.

आता खरं सांगू का दादा, राग मानू नका. गहू अर्धा घेता, मग रोटाव्हेटरच्या वेळी गप्प का बसलात? उन्हाळी मूग घेणाऱ्याला घाई असते, ते समजतं. तुमच्याकडे जूनमध्ये सोयाबीन पेरेपर्यंत शेत रिकामंच ना? हार्वेस्टरच्या मागे भुसा करायचं मशीन फिरवा. भुसा गुरंवाले शेतातून उचलून नेतात, त्यात खर्चाला हातभार लागतो. उरलेली धसकटं पहिल्या पावसानंतर वखरात जातात.

आणि अंड्यांपेक्षा पिल्लांची काळजी करा. आईने इशारा दिला की टिटवीचं पिल्लू पळत नाही, जमिनीला चिकटून बसतं. कुत्र्यापासून वाचतं तसं, आगीपासून नाही.

हातोदचा_शेतकरी:
शहरातून पाखरांचं प्रेम सोपं असतं. आमचा हरभरा रोजडे (नीलगायी) एका रात्रीत लोळवतात, तेव्हा असा प्रश्न कुणी विचारत नाही. रात्र रात्र टॉर्च घेऊन आम्हीच बसतो.

तरी टिटवीचं म्हणाल तर आमच्याकडे अंडी दिसली की चार काड्या रोवतात आणि ट्रॅक्टर वळसा घालून नेतात. दया वगैरे नाही हो, उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं म्हातारे मानतात. तेवढी जागा नांगरायची राहिली म्हणून कुणाचं घर बसलं नाही.

सिरपूर_फिरस्ता:
२०२२ मध्ये आपले इंदूरकडचे सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. पण तलावावरचा सारस पोट भरायला आजूबाजूच्या शेतांतच उतरतो, तिथे रामसर चालत नाही. तिथे रामबागवाल्यांसारख्यांचंच चालतं.

रामबागवाला:
गंभीरकाठ, टोमणा लागला. काल काकांना फोन केला. पुढच्या वर्षी भुशाच्या मशीनचं भाडं अर्धं माझं, भुसा सगळा त्यांचा, असं ठरलं. बांधालगत दोन हात पट्टी न नांगरता सोडा म्हटलं, तर म्हणाले, "दोन्ही बाजूंनी?" एका बाजूवर मिटलं. विहिरीकडच्या.