प्रति: घरगुती रिअर विंग, बोल्टचं आधी बघा

घरीच प्लायवूडची रिअर विंग (गाडीच्या मागे बसवायचा, हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारा आडवा पंख) बनवायची आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला ओळीने भोकं पाडून तिचा अँगल बदलायचा, ही वरच्या पोस्टमधली आयडिया मस्तच, खर्चही नाही. पण त्यातलं 'स्टेनलेसचे बोल्ट टाका, गंजाचं टेन्शन संपलं' हे किनाऱ्यावर नाही चालत हो. बोल्ट चकाचक राहतो आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना टेकले की असंच होतं. रत्नागिरीत मित्राच्या गाडीवर बघितलंय, पावसाळा संपेपर्यंत भोकांभोवती पांढरी भुकटी धरली आणि भोकं एवढी सैल झाली की विंग हाताने डुगडुगायला लागली. वेग दुप्पट झाला की विंगवरचा जोर चौपट होतो, त्यामुळे हे साधं समजू नका.

बोल्टला नायलॉनची नळी, दोन्हीकडे नायलॉनचे वायसर, म्हणजे धातूला धातू लागतच नाही, वर ग्रीस चोपडा आणि गोड्या पाण्याने धूत जा. आणि विंगचं प्लायवूड उघडं ठेवू नका, कडा फुगतात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात होड्यांचं फायबरचं काम करणारे असतात, त्यांच्याकडून मॅट-रेझिनचा (काचतंतूंची चादर आणि वाळून घट्ट होणारा चिकट द्रव) थर मारून घ्या, हात बसलेला असतो त्यांचा.