अनुभव धागा: कुत्र्याचं पिल्लू विकत घेताना ब्रीडर (पिल्लं पैदा करून विकणारा) कसा पारखावा?

ब्रीडरची नावं नकोत. जाऊन नेमकं काय तपासायचं, एवढं जाणकारांनी लिहावं.

*

आधी आई बघा. "आई गावी ठेवलीय" असं ऐकलं की तिथून निघा. आई दाखवली तरी तिचं पोट पाहा. दोन महिन्यांची पिल्लं असलेल्या मादीचे सड लोंबलेले असतात, बरेचदा केसही गळलेले असतात. पोट घट्ट आणि सड बारीक असतील, तर ती दाखवण्यापुरती आणलेली दुसरीच मादी असण्याची शक्यता मोठी. आई अंग चोरते की पुढे येऊन वास घेते, तेही बघा. भित्र्या आईची पिल्लं बरेचदा भित्रीच निघतात. बाप दुसऱ्याकडचा असला तर हरकत नाही, फक्त त्याचे कागद मागा.

*

२०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादीचं वय किमान दीड वर्ष, वर्षाला एकच वेत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही.

तरी "चाळीस दिवसांचं आहे, लगेच न्या, लळा लागतो" असं सर्रास सांगतात. ऐकू नका. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू याच दिवसांत भावंडांशी खेळताना शिकतं. वयाची शंका आली तर तोंड उघडून बघा: आठ आठवड्यांना दुधाचे २८ दात बहुतेक आलेले असतात.

*

लसीच्या पुस्तकात नुसती तारीख पुरत नाही. बाटलीवरचं बॅच नंबरचं लेबल चिकटवलेलं हवं, शेजारी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. "सगळ्या लसी झाल्यात" असं दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. आईच्या दुधातून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे लवकर दिलेली लस वाया जाऊ शकते, म्हणून पुढचे डोस. पार्व्होने (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) पिल्लं जातात ती बरेचदा या मधल्या काळातच. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झालेलं असावं. बरगड्या दिसतायत आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, तर आत जंत आहेत.

*

वरच्यात भर: केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. त्यावरचा चिप नंबर (पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा) डॉक्टरांकडच्या स्कॅनरने पिल्लावर जुळवून बघा, पैसे त्यानंतर. लॅब्राडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड घेताना आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा (या जातींत खुब्याचा दोष पिढीजात येतो), तेही दोन वर्षं पूर्ण झाल्यानंतर काढलेले. मला विचाराल तर या जातींत हाच कागद वंशावळीपेक्षा महत्त्वाचा. पग घेणार असाल तर आई-बाप दहा मिनिटं चालवून बघा. घोरल्यासारखा श्वास लागला तर त्या घरचं पिल्लू नको.

*

लातूर-सोलापूरकडे कारवानी (तिकडची देशी शिकारी जात) घ्यायला जाणाऱ्यांसाठी: गावात कागद बहुधा नसतात, म्हणून नर-मादी दोन्ही डोळ्यांनी बघणं आलंच. ग्रेहाउंडशी (शर्यतीची विदेशी जात) संकर झालाय का, हे थेट विचारा.

*

व्यवहार लेखी करा: तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांच्या तपासणीत दोष निघाला तर पिल्लू परत, पैसे परत. जो ब्रीडर हे नाकारतो त्याच्याकडून घेऊ नका. चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच विचारतो, घरी दिवसा कोण असतं, जागा किती, पुढे जमलं नाही तर परत आणाल का. निघताना तिथलंच खाणं आठवडाभर पुरेल इतकं मागून घ्या आणि नवीन खाणं त्यात थोडं थोडं मिसळा. एकदम बदललं तर जुलाब होतात आणि उगाच पार्व्होची धास्ती बसते.