अर्ध्या तासाचा माहितीपट पुरेसा ठरतो
अर्ध्या तासाच्या माहितीपटात गाण्यांचे तुकडेच हाती लागतात, हा आक्षेप काही जण घेतात; मला तो मान्य नाही. अमेरिकी माहितीपटकार लेस ब्लँक यांनी १९६८ मध्ये ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) गायक लाइटनिन हॉपकिन्स यांच्यावर केलेला सुमारे ३१ मिनिटांचा माहितीपट अवश्य पाहावा. त्यात हॉपकिन्स स्वतःच बोलतात, गातात. आणि कॅमेरा त्यांच्या बालपणीच्या सेंटरव्हिल या टेक्सासमधल्या गावात फिरताना उघड्यावर भाजले जाणारे मांस, रोडिओतले (घोडे-गुरांच्या कसरतींच्या खेळातले) कृष्णवर्णीय घोडेस्वार आणि शेजारीपाजारी यांच्यावर निवांत रेंगाळतो. ब्लूज म्हणजे केवळ दुःखाचे गाणे हा समज (आपल्याकडेही तो बराच रूढ आहे) तिथे टिकत नाही, कारण त्या वस्तीचे हसणे-खिदळणेही गाण्यात उतरलेले दिसते. लुइझियानातील अ‍ॅकॉर्डियनवादक क्लिफ्टन शेनियर यांच्यावरचा ब्लँक यांचा १९७३ चा माहितीपट बराच मोठा आहे, पण तोही याच रीतीने झायडेको या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या नृत्यसंगीताकडे पाहतो.