ते मागं वळून बघणारं पोरगं, मीम आलं कुठून?

लातूरचा_पप्या: आमच्या गावच्या ग्रुपवर तोच फोटो फिरायलाय, गर्लफ्रेंड शेजारी अन् हा मागं वळून दुसरीला बघायलाय. कालच्यात पोरावर लिहिलेलं "शेतकरी", लाल ड्रेसवालीवर "हळद" अन् तोंड वासलेलीवर "सोयाबीन". लई हसलो. पण हे मुळात कुठलंय, पिक्चरचा सीन आहे का?

रिकामटेकडा_परभणी: पिक्चर बिक्चर काई नाही, स्टॉक फोटो आहे, जाहिरातवाल्यांना विकायला काढतात तसला. अँटोनिओ गियेम नावाच्या स्पॅनिश फोटोग्राफरनं २०१५ ला जिरोना शहरात काढलेला. मीम म्हणून सगळ्यात जुना सापडतो तो जानेवारी २०१७ चा, तुर्की फेसबुकवर, त्यात पोरगा म्हणजे गायक फिल कॉलिन्स, गर्लफ्रेंड प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक, किचकट रॉक गाणी) अन् लाल ड्रेसवाली पॉप, म्हणजे जुनं सोडून सोप्या गाण्यामागं लागला असा टोमणा. मग ऑगस्टात ट्विटरवर जे पेटलं ते पेटलंच.

नांदेडी_बाणा: ह्याला भाषाच लागत नाही ना. तीन नावं टाकली की टोमणा तयार, म्हणून तर पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांवर इतका चालतो. आमच्याकडं निवडणुकीत दर तासाला नवा येतो 😂

सुमी_बीड: हसा हसा, पण २०१८ ला स्वीडनमधे एका इंटरनेट कंपनीनं नोकरभरतीच्या जाहिरातीत हाच वापरला तर तिथल्या जाहिरात लोकपालानं बायकांना वस्तू केलंय म्हणून झापलं, अन् मला तरी ते पटतं.

लातूरचा_पप्या: सुमीताई, ग्रुपवर टाकू का हे? अ‍ॅडमिन आमचे मामाच आहेत.