घनतेची जाडी: कच्चा आकडा ठेवायचा की ० ते १?

माणदेशी: प्रश्न असा की आलेखात घनतेचा (कोणतं मूल्य किती संभाव्य) वक्र किती उंच, म्हणजे किती जाड, काढायचा. साताऱ्यातल्याच दोन ठिकाणांचा वार्षिक पाऊस घ्या. महाबळेश्वर ५००० मिमीच्या पुढे, दहिवडी ५०० च्या आसपास. प्रमाण विचलन हिशेबापुरतं १००० आणि १५० धरू, वक्र नॉर्मल. शिखराची घनता म्हणजे ०.४ भागिले विचलन: ०.०००४ आणि ०.००२७. जीजीडिस्टमध्ये (वितरणांचे आलेख काढणारं आर भाषेतलं पॅकेज) नॉर्मलाइझ ‘ऑल’, म्हणजे सगळ्या वक्रांना एकच कमाल (डिफॉल्ट तेच), असेल तर दहिवडी उपलब्ध जागेच्या ०.९ उंची घेते, महाबळेश्वर ०.१३५ वर चपटं. हेच खरं चित्र. आणि स्केल केलेली जाडी साध्या न्यूमेरिक कॉलमात ठेवू नका. त्यासाठी ‘थिकनेस’ हा वेगळा प्रकार आहे: ० ते १ मधला आकडा, सोबत मूळ मर्यादा.

कोयनाकाठ: पटत नाही. पसारा आडव्या अक्षावर दिसतोच, उंचीतून तेच पुन्हा कशाला सांगायचं? ०.१३५ मध्ये शिखर एक की दोन, कळत नाही. नॉर्मलाइझ ‘ग्रुप्स’ करा, प्रत्येक वक्र आपापल्या कमालीने भागला जाईल. पायथनच्या सीबॉर्नमध्ये त्यासाठी डेन्सिटी नॉर्म ‘विड्थ’. वेगळा प्रकार कशाला? कमाल आकड्याने भागा, संपलं.

माणदेशी: तिथेच सुरू होतं. भागलेला कॉलम जिओमकडे (आलेखाचा थर काढणारं फंक्शन) गेला की तो पुन्हा भागतो. मुद्दाम ०.५ वर ठेवलेला एकटा वक्र ०.९ वर जाऊन बसतो. ना एरर, ना वॉर्निंग. प्रायर (विदा पाहण्याआधीचं वितरण) आणि पोस्टिरियर (पाहिल्यानंतरचं) असे दोन थर असले तर प्रत्येक आपापल्या कमालीने भागला जातो आणि तुलनेचा बोऱ्या वाजतो. जीजीडिस्टचं स्केल_थिकनेस_शेअर्ड सगळ्या थरांना एकच माप लावतं, निकाल थिकनेसमध्ये गुंडाळतं, म्हणून जिओम त्याला हात लावत नाही. मर्यादा सोबत असल्याने सबगाइडवर (जाडीचा छोटा अक्ष) ०.००२७ छापता येतं.

हळदपेठ, सांगली: फक्त त्यात रीनॉर्मलाइझ ट्रू करू नका, सबगाइडवर मूळ आकड्यांऐवजी स्केल केलेलेच येतात. पण असा पाऊस मिमीच्या अक्षावर टाकताच कशाला? लॉग घ्या. लॉगवर पसारा साधारण सापेक्ष विचलनाइतका (विचलन भागिले सरासरी) असतो: महाबळेश्वरचं २० टक्क्यांच्या आत, दहिवडीचं ३०. शिखरं उलटतात, महाबळेश्वर दीडपट उंच! मात्र घनता लॉग घेऊनच काढा. मिमीत काढून मग नुसता अक्ष बदलला तर क्षेत्रफळं सारखी राहत नाहीत. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमधल्या व्हायोलिन आलेखावर (घनतेचा दुहेरी वक्र) नंतर सेट_वायस्केलने लॉग अक्ष मारणारे इथेच फसतात.

कोयनाकाठ: लॉगचं मान्य, दोन थरांचंही. पण ग्रामपंचायतीत दाखवायच्या आलेखात लॉग अक्ष कोण वाचणार? तिथे दोन वेगळी पॅनेल, नॉर्मलाइझ ‘पॅनल्स’, आणि जाडीचा अक्ष मी काढणारच नाही.

माणदेशी: मग निदान खाली एक ओळ टाका: उंचीची तुलना करू नये.