भिगवणला काढलेले रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे सगळे फोटो मऊ, म्हणजे धूसर आले, दोष लेन्सचा की हवेचा? मदत हवी आहे

मंडळी, गेल्या रविवारी भिगवणला जाऊन आलो, तेव्हापासून जिवाला चैन नाही. कार्डभर फोटो आहेत आणि रोहितचा एकही धड नाही.

यंदा भिगवणजवळच्या उजनी धरणाचं पाणी लवकर उतरलं नाही. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखल गाळत खातो, त्यामुळे पाणी ओसरल्याशिवाय तो काठाकडे फिरकत नाही. थवा पार लांब होता, दीड-दोनशे मीटर तरी. कुंभारगावातून उजाडताच नाव घेतली, तर पाण्यावर दाट धुकं. ते विरेपर्यंत कोवळं ऊन संपलं होतं.

कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, लेन्स १५०-६०० मिमीची झूम. शटर १/१६००, अ‍ॅपर्चर एफ ८, नावेचं इंजिन बंद. म्हणजे हात हलल्यामुळे झालं असं वाटत नाही. शिवाय जवळच्या खुंटावर नदी सुरय पक्षी बसला होता, त्याच्या पिवळ्या चोचीला लटकलेला थेंबसुद्धा स्वच्छ आलाय. त्याच लेन्सने रोहितकडे वळलं की पिसांच्या जागी नुसता गुलाबी कापूस. १०० टक्के झूम करून लागोपाठच्या फ्रेम पाहिल्या, तर एकीत पायाची रेघ सरळ आणि पुढचीत मधेच वाकलेली. यावरून मला तापलेल्या हवेच्या लहरींचा संशय येतो. पण धुकं विरत असताना, गारठ्यात काढलेले फोटोही तसेच आहेत. थंडीत पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं, तेव्हाही पाण्यालगतची हवा अशी हलते का? हे कोणी ताडून पाहिलंय?

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात लेन्स ठेवून जा, तीन आठवडे लागतील. मित्र म्हणतो, आधी लेन्सपुढची यूव्ही फिल्टरची काच काढून बघ. बॅक फोकस असेल, म्हणजे फोकस पक्ष्याच्या मागे पडत असेल, तर फाइन ट्यून (कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून फोकसची दुरुस्ती) घरीच करता येईल, पण १५०-६०० साठी ते किती अंतरावर तपासायचं? गच्चीवरून लांबच्या पाटीवर तपासलं तर पुन्हा हवेचाच घोळ होणार.

दुसरी गोष्ट जास्त लागली. आम्ही लांबच थांबलो होतो. एवढ्यात दुसऱ्या नावेतल्या लोकांनी उडतानाचे फोटो हवेत म्हणून नाव सरळ थव्यात घालायला लावली. शेकडो पक्षी खाणं सोडून उठले आणि पार पलीकडे गेले. नंतर तासभर थांबलो, एकही परतला नाही. फोटो गेले त्याचं सोडा, पण त्या पाखरांना असं दिवसातून किती वेळा उठावं लागत असेल! आमचा नावाडीही हळहळला, पण गिऱ्हाईकच दमदाटी करतं म्हणाला. तिथे नेहमी जाणाऱ्यांनी सांगा, अशा वेळी तक्रार कोणाकडे करायची? नावाड्यांनी आपसात किती अंतर राखायचं हे ठरवलंय का?

फेब्रुवारीअखेर पाणी उतरेल तेव्हा पुन्हा जायचा विचार आहे. त्याआधी लेन्स द्यायची की नाही ते या आठवड्यात ठरवायचंय, नाहीतर ती वेळेत परत मिळणार नाही. कोणाला कच्च्या (रॉ) फाइल्स बघायच्या असतील तर पाठवतो, नदी सुरय आणि रोहित दोन्हींच्या.