कास्ट आयर्न बुलेट, वय ६३ आणि उजवा गुडघा. किक मारणं चालू ठेवायचं कसं?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. गोडोलीत राहतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. ८६ सालची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे, कास्ट आयर्न म्हणजे जुन्या ओतीव लोखंडी इंजिनची, नवी घेतलेली, तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या नावावर झालेली नाही. लग्नाआधीची गाडी. ठोसेघर, बामणोली, पाटणवरनं कोयना, कुंभार्ली उतरून चिपळूण, सगळं हिच्यावरच झालंय, थोरला जन्मला तेव्हा मंडळींना आणि त्याला दवाखान्यातनं घरी पण हिच्यावरच आणलं, पावसात, सासूबाईंनी किती बोलून घेतलं ते अजून लक्षात आहे.

आता अडचण सांगतो. उजव्या गुडघ्याचं दुखणं वर्षभर आहे, डॉक्टर म्हणाले झीज झालीय, ऑपरेशनची वेळ नाही अजून पण झटका बसू देऊ नका. आणि बुलेटची किक उजवीकडंच. आधी दुसऱ्या तिसऱ्या किकला चालू व्हायची, दिवाळीपासनं सात आठ किक लागतायत, आणि गेल्या महिन्यात दोनदा उलटी किक बसली, म्हणजे किक उसळून पायावर परत आली, दुसऱ्यांदा तर पायरीवर बसूनच राहिलो दहा मिनिटं, डोळ्यात पाणी आलं. मुलं म्हणतात बाबा विका आता, बटण स्टार्टची स्कूटर घेऊन देतो. त्यांचं प्रेम आहे त्यात, राग नाही माझा. पण अंगणात ती गाडी नसली तर मला घर घर वाटणार नाही एवढं नक्की.

विचारायचं असं की सेल्फ स्टार्ट बसवावा का, की माझी किक मारायची पद्धत चुकतीय, की खरंच थांबायची वेळ आली? ज्यांचं वय झालंय आणि अजून जुनी गाडी चालवतात त्यांनी सांगा. पोरांनी पण सांगा, चालेल.

कुपवाड_वर्कशॉप (सांगली)

दादा, पाय सोडा बाजूला, आधी गाडी बघा. वर्षापूर्वी जी तिसऱ्या किकला घेत होती ती आता आठव्याला घेतीय म्हणजे गाडीचं काहीतरी हललंय, त्याचा भार तुमचा गुडघा उचलतोय. मी ३४ वर्षं हेच काम करतोय, माझ्याकडं सत्तरीची माणसं कास्ट आयर्न घेऊन येतात आणि माझ्यासमोर एका किकला चालू करून जातात, ताकदीचा त्यात काही संबंध नाही.

उलटी किक बसते म्हणजे स्पार्क लवकर पडतोय. पॉईंट म्हणजे स्पार्कसाठी उघडमीट करणारे दोन संपर्क, त्यांच्यातला गॅप वाढला की टायमिंग आपोआप पुढं जातं, तो .३५ ते .४० मिमीमधे पाहिजे, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावूनच बघायचा, डोळ्यानं अंदाज नको. दुसरं म्हणजे पॉईंटच्या मागं ऑटो ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी, वजनं असतात त्यांच्या स्प्रिंगा. एवढ्या वर्षांत त्या ताणून ढिल्या पडतात, वजनं परत जाग्यावर येत नाहीत आणि गाडी उभ्या जागीच ॲडव्हान्समधे राहते. बोटानं फिरवून सोडा, चटकन मागं यायला पाहिजे. येत नसेल तर तुमच्या गुडघ्याचा गुन्हेगार तोच. स्प्रिंगा स्वस्तात मिळतात.

मग टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची (पुशरॉडची) सेटिंग. इंजिन पूर्ण गार, रात्रभर उभं असलेलं, पिस्टन वर कॉम्प्रेशनला. पुशरॉड दोन बोटात धरून फिरवला तर गरगर फिरला पाहिजे, पण वरखाली हलायला नको. एक्झॉस्टचा टाईट झाला असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, मग मारा किक्या. टॅपेटचा आवाज येतो म्हणून आवळून देणारे पुष्कळ आहेत, गिऱ्हाईकालाही गप्प गाडी बरी वाटते, पण आवळलेला वॉल्व्ह जळतो.

आणि तुम्ही आता गाडी रोज काढत नसणार. महिनाभर उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातनं हळूहळू खाली संपात (इंजिनच्या तळाशी) उतरतं, किक जड लागते, चालू झाल्यावर निळा धूर. पिस्टन बसलं म्हणून घाबरायचं नाही. खालचा बोल्ट काढून ते ऑइल काढा, वर ऑइलच्या टाकीत भरा.

आता किक. घाई करायची नाही. चावी ऑन, ॲक्सिलेटर बंद, पिळायचाच नाही. किक हळू दाबत न्या, एका जागी घट्ट अडते. आता अँपिअरच्या (करंट दाखवणाऱ्या) काट्याकडं बघा. पॉईंट मिटलेले असताना काटा डावीकडं पडलेला असतो. डिकॉम्प (कॉम्प्रेशन सोडायचा छोटा लिव्हर) दाबून किक अगदी थोडी पुढं सरकवा, काटा मधे आला की पॉईंट उघडले. तिथं थांबा, डिकॉम्प सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या, आणि मग एकच लांब किक, खालपर्यंत. ९० मिमीचा स्ट्रोक आहे तिचा, लांब किकच लागते, आखूड ठोके देऊन ती उठत नाही.

सेल्फ बसवणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण आधी हे करा. बिघडलेल्या टायमिंगवर सेल्फ बसवला तर तो पण दात तोडून घेतो.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. एक खरं सांगतो, दिवाळीच्या आधी एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली होती, टॅपेट फार वाजतायत म्हणून मीच आवळायला सांगितलं होतं. तुमचं वाचल्यावर धस्स झालं.

मिरजेची_येझदी

काका, माझ्या वडिलांची रोडकिंग आहे, त्यांचं वय ७४. तिची किक डावीकडं, गिअरचा लिव्हर आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो, पप्पांचा डावा गुडघा गेला तेव्हा तुमच्यासारखंच घरात चालू झालं, विका विका. ज्या म्हैसूरच्या कंपनीत ती बनली ती ९६ ला बंद पडली, पार्ट शोधायला पप्पा पार कोल्हापूर, पुणे फिरलेत, तरी विकायचं नाव काढलं की जेवण सोडून उठायचे.

शेवटी मी शिकले. मी ४१ वर्षांची, स्कूटी सोडून काही चालवलं नव्हतं. दर रविवारी सकाळी पप्पा खुर्ची टाकून बसायचे आणि मी किक मारायची, टू स्ट्रोक असल्यामुळं बुलेटएवढी भारी नाही पण कधी चोक ओढायचा कधी नाही हे हातालाच कळावं लागतं. ऑइल पेट्रोलमधे मिसळायचं असतं, लिटरला ४० मिली, पप्पा अजून स्वतः मापानं ओततात, ते काम दुसऱ्याला देत नाहीत. आता मी चालवते आणि ते मागं बसतात, दंडोबापर्यंत जाऊन येतो. मागं बसून नुसता आवाज ऐकत असतात. मधेच खांद्यावर हात ठेवून म्हणतात डाव्या सायलेन्सरचा आवाज बसलाय, काजळी काढायला झाली. घरी येऊन बघितलं तर तसंच.

सांगायचं म्हणजे मुलांना विका म्हणू देण्याआधी एकदा शिकवून बघा. त्यांना त्या गाडीचं काही माहीतच नसतं म्हणून ती त्यांना नुसती काळजी वाटते.

एमएच११_पोरगं

वरच्या ताईंचं बरोबर आहे पण काका शिकवताना सांभाळून. जुन्या बुलेटला गिअर उजवीकडं, ब्रेक डावीकडं, पहिला वर आणि बाकीचे खाली. मी चुलत्यांची घेऊन राधिका रोडला निघालो होतो, समोर म्हैस आली, सवयीनं उजवा पाय दाबला तर ब्रेकच्या जागी गिअर पडला. थोडक्यात वाचलो. आधी मोकळ्या मैदानात आठ दिवस.

ऊसपट्टा_पलूस

हा मुद्दा वयस्करांनाही लागू आहे उलट बाजूनं. मी ६७ चा. जुनी बुलेट आणि मुलाची नवी गाडी अशा दोन्ही चालवायचो. तरुणपणी पाय आपोआप बदलतो, साठीनंतर आणीबाणीला तो जुन्या जागीच जातो. मी मुलाची गाडी बंद केली, एकच चालवतो.

पण थांबायची वेळ आली का असं विचारलंत म्हणून दुसरं सांगतो, गुडघ्यापेक्षा मोठं. डोळे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत तासगावहून येत होतो, साडेसात वाजलेले. समोरनं पांढऱ्या एलईडीचा झोत आला आणि दोन सेकंद मला नुसतं पांढरं दिसत होतं. त्या दोन सेकंदांत पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या लावलेला, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, नुसता काळा ढीग. वाडं लोंबत होतं ते हेल्मेटच्या काचेवर घासलं तेव्हा कळलं कुठं आहे. गाडी साईडपट्टीवर घातली, पडलो, मनगट मोडलं. तपासलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मी वर्षभर म्हणत होतो की हल्लीच्या गाड्यांचे दिवेच वाईट.

ऑपरेशन झालं, आता दिसतं चांगलं. तरी गळीत हंगाम सुरू झाला की कारखाने बंद होईपर्यंत अंधार पडल्यावर गाडी काढत नाही. पाहुण्याच्या गावाला उशीर झाला तर मुक्काम. पहिल्या वर्षी फार जड गेलं, कुणी संध्याकाळी चहाला बोलावलं की कारण सांगावं लागायचं, आता सगळ्यांना माहीत झालंय, सकाळी बोलावतात. ५५ नंतर लायसन पाच पाच वर्षांनीच रिन्यू होतं, पण डोळे पाच वर्षं थांबत नाहीत. दरवर्षी तपासून घ्या दादा. यवतेश्वरच्या घाटात धुक्यात तर फारच.

कुपवाड_वर्कशॉप (सांगली)

पलूसकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

अजून एक राहिलं होतं, पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं, ते पाणी धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. आठ दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, कार्बोरेटर रिकामा होतो. पाईप आणि वॉशर नवे टाकून घ्या.

आणि विकायच्या गोष्टीवर एवढंच. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीत गाड्या चार चार दिवस पाण्याखाली होत्या. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या कितीतरी परत उठल्याच नाहीत. कास्ट आयर्न आम्ही खोलल्या, गाळ धुतला, डिझेल मारलं, डायनॅमो वाळवला, पॉईंट घासले, आणि चालू केल्या. तुमची तर कोरड्या अंगणात उभी आहे.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

पंधरा दिवसांनी लिहितोय, मुद्दाम सगळं करून मग लिहायचं ठरवलं होतं.

एक्झॉस्टचा पुशरॉड बोटानं फिरतच नव्हता. ऑटो ॲडव्हान्सची एक स्प्रिंग तुटलेली निघाली, दुसरी ढिली. दोन्ही बदलल्या. संपातनं पाऊण लिटर ऑइल निघालं. हे सगळं धाकट्यानं केलं, मी शेजारी स्टुलावर बसून सांगत होतो, मिरजेच्या ताईंचं वाचून त्याला हाक मारली. फिलर गेज पहिल्यांदाच हातात धरला त्यानं, पण पुशरॉड सैल झाला आणि गरगर फिरायला लागला तेव्हा पाच मिनिटं तेच करत बसला होता.

किक आता बसून मारत नाही. डबल स्टँडला लावतो, मागच्या चाकाखाली आधी अर्ध्या इंचाची फळी सरकवतो म्हणजे स्टँडला चढवताना कंबर लागत नाही. मग डाव्या फूटरेस्टवर उभा राहतो आणि अंगाचं वजन खाली सोडतो, गुडघा थोडा वाकलेलाच ठेवून. बूट घालून, चप्पल नाही. काटा मधे आणायला दोन दिवस जमत नव्हतं, तिसऱ्या दिवशी जमलं. परवा पहिल्या किकला घेतली. मंडळी स्वयंपाकघरातनं बाहेर आल्या, म्हणाल्या एवढ्यात?

डोळ्यांची तारीख घेतलीय, पुढच्या बुधवारी. तोपर्यंत सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत, सकाळीच, जाऊन परत.

एक शेवटचं विचारतो. किकचं रबर गुळगुळीत झालंय, बूट सटकतो. बाजारात मिळतं ते सैल बसतंय, गोल फिरतं. काय करावं?

कुपवाड_वर्कशॉप (सांगली)

फिरणारं रबर अजिबात ठेवू नका, सटकलं तर किक नडगीवर येते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून किकच्या दांड्यावर एक वेढा घट्ट द्या, वरनं रबर साबणाच्या पाण्यात भिजवून ठोकून बसवा. एक रात्र वाळू द्या आणि मगच किक मारा. धाकट्याला करू द्या.